नामांतर झाले, पण प्रयोगशाळेत कोण आहे?



१४ जानेवारी आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर औरंगाबादच्या विद्यापीठाच्या गेटचे फोटो फिरू लागतात. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतर मराठवाड्यात पेटवलेली घरे, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे आणि सोळा वर्षांनी, १९९४ साली मिळालेले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव. हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या गेटच्या आत रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र या विभागांत कोणते संशोधन चालते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? उत्तनमध्ये आम्ही जो अभ्यासवर्ग घेतो, त्यात हा प्रश्न टाकला तेव्हा नामांतराच्या तारखा सगळ्यांनी सांगितल्या. विभागांबद्दल कोणी काही बोलले नाही.

म्हणून हा लेख. बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातले आजचे एक संशोधन, त्याचा आपल्या उत्तनच्या समुद्राशी असलेला संबंध, आणि प्रयोगशाळेच्या दारावर आपल्याला कोणी, कधी, कसे अडवले याचा इतिहास, असे तीन धागे आम्ही इथे एकत्र घेत आहोत.

या विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्र आहे. हेबर्ट हे कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातले शास्त्रज्ञ. २००३ साली त्यांनी एक साधी पण मोठी कल्पना मांडली. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर जशा काळ्या रेघा असतात आणि मशीन त्या वाचून वस्तू ओळखते, तसे प्राण्याच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा वाचून प्राणी ओळखता येईल. पेशीत ऊर्जा तयार करणारा मायटोकाँड्रिया नावाचा भाग असतो, त्याचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो. त्यातल्या एका जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा घ्यायचा. एकाच प्रजातीच्या दोन माशांत हा तुकडा जवळपास सारखा निघतो, वेगळ्या प्रजातीत बराच फरक पडतो. मग मासा अख्खा असो, कापलेला असो, सुकवलेला असो की नुसते अंडे असो, तो कोणता ते सांगता येते. औरंगाबादच्या केंद्रात मासे आणि इतर प्राण्यांवर हे काम चालते.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत 'स्पीशीज'ला बऱ्याच ठिकाणी 'जाती' म्हटलेले असते. आम्ही हा शब्द मुद्दाम टाळून 'प्रजाती' वापरतो. माणसांची 'जात' आणि प्राण्यांची 'जाती' यांना एकच शब्द असला की जात निसर्गानेच केली आहे असे शाळकरी मुलाच्या मनात न सांगता बसते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी हाच मुद्दा खोडला होता: जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे.

आता उत्तनला येऊ. इथला धंदा बोंबलाचा, डोलीच्या जाळ्याचा. डोल म्हणजे पिशवीसारखे लांब जाळे. समुद्रात खुंट ठोकून ते बांधायचे आणि भरती-ओहोटीचा ओढा मासळी आत आणून टाकतो. कोणत्या तिथीला ओढा जोराचा, कधी जाळे फिरवायचे, कधी उचलायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. बोंबील वलांडीवर वाळत घालणारी बाई हात लावून सांगते की अजून एक ऊन लागेल. हलवा दिसायला पापलेटासारखा असला तरी तो पापलेट नव्हे, हे कोळणीला कोणी शिकवावे लागत नाही. शास्त्रानेही हलवा वेगळ्याच कुळात ठेवला आहे.

पापलेटाची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केले. पण त्याच्या आधीच भारतीय संशोधकांनी डीएनए बारकोड आणि शरीराची मोजमापे घेऊन दाखवले होते की आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट आणि चीनकडच्या समुद्रातला पापलेट एक नाहीत. दोघांना एकाच शास्त्रीय नावाने ओळखले जात होते. आपल्या पापलेटासाठी १८२९ सालचे 'पॅम्पस कॅन्डिडस' हे विसरले गेलेले नाव परत पुढे आले. यात नुसता नावाचा खेळ नाही. मासा कोणता हे नक्की ठरले तर तो अंडी कधी घालतो, बंदी कधी असावी, जाळ्याचे भोक केवढे असावे हे ठरते, आणि त्यावर उत्तनच्या घरातली चूल पेटते की नाही हे ठरते.

आमचा प्रश्न असा. ज्या नमुन्यांवर हे सगळे शास्त्र उभे आहे ते बंदरावरून येतात. ते ओळखणारा पहिला डोळा मच्छीमाराचा असतो, ते उचलणारा हात खलाशाचा असतो. शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांच्या घरातले कोण असते?

याचे उत्तर शोधायला १९४२ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तीनच महिन्यांनी, २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या तक्रारींचे एक निवेदन दिले. आपल्या चळवळीत या निवेदनाची चर्चा फार कमी होते. नोकऱ्या, विधिमंडळ यांबरोबर त्यात शिक्षणाचा एक भाग आहे आणि तो आज वाचला तरी माणूस दचकतो. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेले बाबासाहेब त्यात स्पष्ट म्हणतात की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही, आपल्याला गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची. आपली मुले कलाशाखेला जातात ती आवड म्हणून नव्हे. विज्ञान परवडत नाही म्हणून जातात. सरकारने पैसा दिल्याशिवाय हे दार आपल्याला कधीच उघडणार नाही.

मागणीही मोघम नव्हती. देशातल्या विद्यापीठांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये, परदेशात त्याच विषयांसाठी वर्षाला १ लाख. एकूण ३ लाख. हा आकडा कुठून आला? बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला केंद्र सरकार प्रत्येकी ३ लाख देत होते. मग आम्हाला का नाही, असा हिशेब त्यांनी मांडला. धनबादच्या खाणशास्त्राच्या संस्थेत आपल्या मुलांना जागा ठेवा, हेही त्यात आहे. खाणीत उतरणारे मजूर आपले. मग खाणीचे शास्त्र शिकणारे का नसावेत? मजूरमंत्र्याला ही विसंगती रोज फायलींत दिसत असणार.

या मागणीतून १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज महाडीबीटीवर फॉर्म भरताना आपण जिला 'जीओआय' म्हणतो, तीच ही. कॉलेजच्या खिडकीवर बाबूपुढे ताटकळताना 'सरकारी भीक' असले शब्द कानावर पडतात. ज्यांच्या कानावर पडतात त्यांनी हे निवेदन मिळवून वाचावे. ही शिष्यवृत्ती मुळात प्रयोगशाळेसाठी मागितली होती.

बाबासाहेबांच्या त्याच काळातल्या कामाचा दुसरा पुरावा दामोदर खोरे योजना. १९४३ च्या पुरानंतर बंगालमध्ये जी चौकशी समिती नेमली, तिच्यात मेघनाद साहा होते आणि पुढे केंद्रात ती योजना पुढे नेली ती मजूरमंत्री आंबेडकरांनी. साहा म्हणजे ज्यांच्या १९२० च्या समीकरणामुळे ताऱ्यांचे तापमान त्यांच्या प्रकाशावरून वाचता येऊ लागले ते शास्त्रज्ञ. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या, 'खालच्या' मानलेल्या जातीतल्या छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या हॉस्टेलमध्ये सरस्वतीपूजेच्या वेळी त्यांना जातीवरून अपमान सोसावा लागला. पुढे 'सगळे वेदात आहेच' म्हणणाऱ्यांची त्यांनी बंगालीत जी खिल्ली उडवली, ती बंगालमध्ये अजून लोक विसरलेले नाहीत. नदी कशी बांधावी या प्रश्नावर हे दोघे एकाच दिशेने काम करत होते. आपल्या भिंतींवर फुले, शाहू, आंबेडकर असतात; त्यांच्या शेजारी साहांचा फोटो लावायला काय हरकत आहे?

१९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. या दोन्हीकडे बाबासाहेबांनी विज्ञानालाही जागा दिली. औरंगाबादच्या नागसेनवनात पुढे मिलिंदचे वेगळे विज्ञान महाविद्यालय झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ते या नागसेनवनाच्या शेजारीच. ज्या मुलांनी नामांतराची लढाई लढली त्यातली कितीतरी मिलिंदची होती. कोणी कवी झाले, कोणी पँथर, कोणी वकील, कोणी आमदार. मिलिंदमधून विज्ञान शिकून बाहेर पडलेल्यांचा इतिहास मात्र अजून कोणी नीट लिहिलेला नाही. दलित साहित्यावर शेकडो प्रबंध आहेत, आणि ते हवेतच. पण आपल्या पहिल्या पिढीच्या रसायनशास्त्रज्ञांवर, प्राणिशास्त्रज्ञांवर प्रबंध लिहायला कोणी बसेल का?

आता भिंतीकडे येऊ. ही भिंत नुसत्या मनातली नाही, ती कागदावर आहे.

२३ जून १९७५, म्हणजे आणीबाणीच्या दोन दिवस आधी, केंद्र सरकारने एक आदेश काढला. वर्ग एकच्या सर्वांत खालच्या पायरीच्या वरची, संशोधन करणारी किंवा त्याला दिशा देणारी वैज्ञानिक व तांत्रिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा या आदेशाने दिली. म्हणजे प्रयोगशाळेत झाडू मारायला, बाटल्या धुवायला, फार तर खालच्या पायरीवर कनिष्ठ म्हणून राहायला आरक्षण चालेल. काय शोधायचे हे ठरवणाऱ्या खुर्चीला चालणार नाही.

आपली दुसरी अडचण महाराष्ट्राबाहेरच्या मित्रांना चटकन समजत नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो. राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या दृष्टीने बौद्ध हे अनुसूचित जातीत नव्हते. हे बदलले १९९० मध्ये. चौतीस वर्षे! याच चौतीस वर्षांत मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र वाढले, देशभर सीएसआयआरच्या प्रयोगशाळा वाढल्या, कोची आणि वर्सोव्याला मत्स्यसंशोधन वाढले. या सगळ्या केंद्राच्या संस्था. ज्यांनी कागदावर 'बौद्ध' लिहिण्याचे धाडस केले, त्यांना या दारांत आरक्षण नव्हते. एक अख्खी पिढी धर्माच्या रकान्यात काय लिहायचे या पेचात अडकली.

पुढे २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेश-आरक्षणाचा कायदा आला. त्याचे कलम ४ वाचा. अनुसूचीत आठ संस्था वगळल्या आहेत. त्यात कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे आणि अणुशक्तीनगरची होमी भाभा राष्ट्रीय संस्था आपल्या घटकसंस्थांसह आहे. २०१९ मध्ये अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा आला, त्यातही या संस्था बाहेरच राहिल्या. कारण? 'उत्कृष्टता' आणि 'राष्ट्रीय महत्त्व'. उत्तनच्या किनाऱ्यावरून त्याच समुद्राच्या कडेने दक्षिणेला गेले की टाटा संस्थेची इमारत लागते. आपल्या करातून चालणाऱ्या या संस्थेत आपले मूल आले तर उत्कृष्टता बिघडेल, असे संसदेने कायद्यात लिहून ठेवले आहे. यावर आपण किती मोर्चे काढले?

गुणवत्तावाले मित्र इथे म्हणतील की निसर्गविज्ञानाला जात नसते, प्रयोग कोणीही केला तरी उत्तर तेच येते. अर्धे बरोबर आहे. उत्तर तेच येते, पण प्रश्न तोच पडत नाही. याचे उदाहरण बाबासाहेबांनीच घालून दिले आहे.

ब्रिटिश अधिकारी रिस्लेने नाके मोजली. जेवढे नाक पसरट तेवढी जात खाली, असा सिद्धांत त्याने काढला आणि जात म्हणजे वंश असे जगाला सांगितले. पुढे मुंबई विद्यापीठातले घुर्ये यांनी मोजमापांची कोष्टके नव्याने मांडली. आम्हाला एमएला घुर्ये अभ्यासाला होते, परीक्षेपुरती ती कोष्टके आम्ही पाठही केली होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये हीच कोष्टके घेतली आणि एकच वेगळा प्रश्न विचारला: एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि त्याच प्रांतातला अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवली तर काय दिसते? दोघे एकाच वंशाचे दिसतात. अस्पृश्यता वंशातून आली हा सिद्धांत त्यांनी विरोधकांच्याच आकड्यांनी पाडला. आकडे सगळ्यांसमोर होते. प्रश्न विचारायला अस्पृश्यतेचा अनुभव घेतलेला माणूस यावा लागला.

आज नाकाच्या जागी डीएनए आला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातले लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि मग ही मिसळण थांबत गेली. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधकांनी हे थांबणे सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वीचे असल्याचा अंदाज दिला. म्हणजे जातीअंतर्गत लग्नाची सक्ती हाच जातीचा गाभा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने वाचलेल्या निबंधाचे मुख्य सूत्र हेच होते. त्याच्याकडे डीएनए वाचायचे यंत्र नव्हते.

पण सावध राहा. याच डीएनएवरून उद्या कोणी 'शुद्ध रक्ता'चे दुकान मांडेल, आणि ते मांडणाऱ्याच्या हातात पीएचडी असेल. त्याला उत्तर द्यायला फेसबुकवरची पोस्ट पुरणार नाही. ज्याला त्याच भाषेत, त्याच पद्धतीने उलटतपासणी घेता येते असा माणूस लागेल.

पुन्हा उत्तन. उत्तनच्या धावगी डोंगरावर मीरा-भाईंदर शहराचा कचरा येऊन पडतो. उन्हाळ्यात ढिगाऱ्याला आग लागते, धूर वस्तीत उतरतो. पावसाळ्यात काळे पाणी शेतांत, विहिरींत आणि पुढे समुद्रात जाते अशी गावकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. त्या पाण्यात काय आहे? शिसे किती, क्रोमियम किती, बोंबलाच्या अंगात त्यातले किती जाते? हे शोधणे रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे काम आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिला १९८९ पासून विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवरच्या प्लास्टिकची मोजणी प्रसिद्ध केली आणि अलीकडे अरबी समुद्रातल्या कोळंबीतले सूक्ष्म प्लास्टिकही तपासले. चांगले काम आहे. गोराई-मनोरीवरून फेरीबोटीने मार्व्याला उतरून पुढे गेले तर वर्सोवा काही लांब नाही. पण उत्तनचे मूल विद्यार्थी म्हणून तिथे पोहोचायला किती पायऱ्या आहेत ते बघा: बारावी सायन्सच्या क्लासची फी, मग मत्स्यविज्ञानाच्या पदवीसाठी रत्नागिरी, मग अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा, मग फेलोशिप वेळेवर येईल ही आशा.

फेलोशिपचे काय होते ते आपण पाहिले आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात बसले, तेव्हा कुठे २०२३ मध्ये सरकारला सगळ्यांना फेलोशिप मान्य करावी लागली. इतिहासाचा विद्यार्थी मैदानात पुस्तक घेऊन बसू शकतो. ज्याच्या पेशी इन्क्युबेटरमध्ये आहेत, ज्याचे रसायन महिन्यात खराब होणार आहे, त्याचे संशोधन त्या मैदानातच मरते. रोहित वेमुला आधी जीवशास्त्राचा संशोधक होता, त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते आणि त्याची अनेक महिन्यांची फेलोशिप थकली होती. आपण त्याला चळवळीचा शहीद म्हणून ओळखतो. विज्ञानाने गमावलेला माणूस म्हणूनही ओळखले पाहिजे.

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, सत्तेशिवाय काही नाही, आधी राजकारण. आमचे त्यांना सांगणे आहे की बाबासाहेबांनी मंत्रिपदाची सत्ता हातात आल्यावर तीन महिन्यांत कशासाठी पैसे मागितले ते बघा.

म्हणून यंदा जयंतीच्या वर्गणीतून आम्ही डीजेचा एक दिवस कमी करतो आहोत आणि बारावी सायन्सच्या मुलांची प्रवेशपरीक्षांची फी भरतो आहोत. दुसरे काम पत्रव्यवहाराचे आहे. आपापल्या भागातल्या विद्यापीठाला माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारायच्या: विज्ञान विभागांत मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांतली राखीव किती, तासिका तत्त्वावर किती जण राबतात, आणि गेल्या पाच वर्षांत विज्ञानातल्या पीएचडीला नोंदणी झालेल्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती. सुरुवात बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठापासून करावी. अर्जाचा नमुना आमच्याकडे तयार आहे, मागेल त्याला पाठवू. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.